‘घरात बसून’ म्हणणाऱ्या बंधूंना

बंधू, सलाम.

‘पाळकाचा हात आणि कॅमेरा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. रात्रीच उत्तर लिहायला बसले होते. बरं झालं, पाठवलं नाही.

ज्यांनी लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पुढाऱ्यांनी मदत वाटताना घेणाऱ्याचा फोटो काढून फेसबुक-इन्स्टावर टाकू नये, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की फोटो दिसले नाहीत तर लोक दान देत नाहीत. बायबलात मत्तय 5:16 मध्ये प्रभू येशूच सांगतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. लॉकडाउनमध्ये यूट्यूबनेच मंडळी टिकवली आणि तुमच्या आजारी आई अजून त्यावरच उपासना ऐकतात. माझ्यासारख्यांमुळे तरुण चर्चपासून तुटतात. आणि शेवटचं वाक्य: ‘ताई, घरात बसून कीबोर्डवर सेवा करणं सोपं असतं.’

आधी माझी चूक. ‘ज्ञानोदय’ हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक 1824 साली सुरू झालं असं मी लिहिलं होतं, ते 1842 हवं. आकडे उलटे पडले. तुम्ही दाखवलंत, मी दुरुस्त केलं, आभार. पण त्याला ‘इतिहास माहीत नसेल तर लिहू नये’ ही शेपूट जोडायचं काय कारण होतं? याच ‘ज्ञानोदया’चं काम कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1912 पासून अखेरपर्यंत केलं. आमच्या घरी त्याचे जुने अंक दोऱ्याने बांधून ठेवलेले असत. छापून, लिहून, पडद्यावरून ख्रिस्त सांगायला माझा विरोध असेल असं तुम्हाला वाटलंच कसं?

आता ते ‘घरात बसून’. ‘ताई’ म्हणायचं आणि त्याच वाक्यात कानफटात द्यायची, ही रीत मला नवी नाही. चर्चच्या पंचकमिटीच्या बैठकीत बाईने तोंड उघडलं की हेच होतं. आधी ‘ताई’, मग ‘तुम्हाला बाहेरचं काय माहीत’. तुम्ही मला ओळखत नाही. मी कुठे बसते, कुठे उभी राहते, काही ठाऊक नसताना लिहिलंत. तेव्हा सांगते.

माझे वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही परळला राहत होतो आणि मी नऊ वर्षांची होते. मंडळीतली बरीच घरं गिरणीवर होती. संप लांबला तशा उपासनेतल्या बायकांच्या हातातल्या बांगड्या कमी होत गेल्या, हे आधी आईच्या लक्षात आलं. त्यानंतर पप्पा रात्री जेवणं झाल्यावर निघायचे. दोन कापडी पिशव्या, त्यात तांदूळ, डाळ, कधी रॉकेलसाठी पुडीत बांधलेले पैसे. मला बरोबर न्यायचे, कारण लहान मुलगी सोबत असली की पाळक सहज भेटायला आलेत असंच चाळीत वाटे. मी जिन्याखाली उभी राहायची. पप्पा वर जायचे, दाराशी पिशवी टेकवायचे, आत जाऊन प्रार्थना करायचे आणि रिकाम्या हाताने खाली यायचे. एकदा मी विचारलं, काकूंना सांगितलंत का कुणी दिलं? ते म्हणाले, त्यांनी विचारलं नाही.

शाळेत त्या काकूंची मुलगी माझ्या बाकावर बसायची. आमच्याकडून पिशवी जाते हे तिला माहीत नव्हतं. म्हणून आमची भांडणंसुद्धा बरोबरीची व्हायची.

पगार किती असतो पाळकाचा? त्यातूनच जायचं ते. या घरात मी वाढले, बंधू. याला ‘घरात बसून’ म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि कॅमेऱ्याबद्दल मी जे लिहिते ते ऐकीव नाही. माझा मावसभाऊ टॅक्सी चालवतो. 2020 च्या एप्रिलमध्ये टॅक्सी बंद, घरात पाच माणसं. त्याच्या मंडळीने (नाव घेणार नाही, तुम्हीही अंदाज बांधू नका) रेशनचं किट दिलं. पाच किलो तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी. देणारे पाच जण एका बाजूला, हा एकटा दुसऱ्या बाजूला, मध्ये ती पिशवी सगळ्यांनी धरलेली. फोटो काढणारा म्हणाला, ‘मास्क जरा खाली करा, चेहरा दिसू दे.’ त्या महिन्यात, त्या मुंबईत! त्याने केला खाली. घरी डाळ नव्हती, काय करणार होता? संध्याकाळपर्यंत तो फोटो ग्रुपवर, फेसबुकवर, कुणाकुणाच्या स्टेटसला. त्याच्या मुलीला वर्गातल्या मैत्रिणीने विचारलं, ‘हे तुझे पप्पा ना?’

तो माणूस त्यानंतर चर्चला आलेला नाही. रविवारी सकाळी मुद्दाम भाडं घेतो.

मत्तय 5:16 मलाही पाठ आहे. पण ते वचन शेवटपर्यंत वाचा: लोकांनी सत्कर्मं पाहून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं, असं आहे. त्या फोटोखाली मी एकेक कमेंट वाचली. पाळकसाहेबांचं कौतुक होतं, कमिटीचं होतं. पित्याचं नाव एकाने घेतलं होतं, तेही ‘देव पाळकसाहेबांना उदंड आयुष्य देवो’ असं. आणि डोंगरावरचं तेच प्रवचन सहाव्या अध्यायात दानाबद्दल काय सांगतं, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ते तुम्ही सोडून दिलंत. योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, प्रभू शिष्यांचे पाय धुतो. पुढारीपण म्हणजे काय हे तिथे त्याने करून दाखवलं, आणि शिष्य पेत्राला तेवढंही अवघड झालं. चार भिंतींच्या आत, आपल्याच माणसांसमोर पाय पुढे करणं त्याला जड गेलं. माझ्या भावाला तर साऱ्या शहरासमोर उभं केलं.

फोटोशिवाय दान येत नाही म्हणता. हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवा, देतात लोक. रिकाम्या पिशव्यांचा ढीग दाखवा, भरलेल्या गोणी दाखवा, माणूस कशाला? तरुणांचं म्हणाल तर त्यावर आत्ता बोलत नाही, तो वेगळा विषय आहे.

यूट्यूबवरच्या उपासनेबद्दल मी लेखात एक अक्षर लिहिलेलं नाही. 12 एप्रिल 2020 चा ईस्टर आम्हीही मसाल्याच्या डब्याला मोबाईल टेकवूनच केला. तुमच्या आईंना माझा सलाम सांगा, त्यांच्यासाठी प्रार्थना करते. पण त्यांचं आजारपण माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून आणलंत, ते मला आवडलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. तीन जणांनी काढा म्हणून सांगितलं, तरी राहू दे.

माझ्या भावाचा फोटो काढा म्हणून त्या मंडळीला मी दोनदा कळवलं. आज सकाळी पाहिला, अजून आहे.