एफएम बंद झालेल्या देशात माझं स्वतःचं एफएम स्टेशन

सासरच्या फॅमिली ग्रुपवर गेले दोन आठवडे डिजिटल रेडिओवरून जुंपली आहे. सुरुवात काकांनी केली. ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मधे १३ शहरांत डिजिटल रेडिओ आणायची शिफारस केली, मुंबई पुणे नागपूर तिन्ही त्यात आहेत, ती बातमी त्यांनी आत्ता कुठेतरी वाचली आणि खाली लिहिलं, "म्हणजे आता आमची विविध भारती पण बंद पाडणार का?" त्यावर मेव्हणा नेहमीप्रमाणे, "काका, रेडिओ ऐकतं कोण आता, मोबाईल आहे ना", मग काका दुखावले, मग मावशींनी गुड मॉर्निंगचं फूल टाकून विषय बदलून बघितला, आणि शेवटी सगळ्यांनी मला टॅग केलं कारण मी नॉर्वेत राहतो आणि इथे एफएम बंद केलं हे त्यांना माहीत आहे. "दाजी, तुमच्याकडे झालंय ना हे सगळं, सांगा जरा." तिथे अंगठ्याने एवढं टाईप करवत नाही म्हणून इथे लिहितोय.

तर झालं ते असं. नॉर्वेने ११ जानेवारी २०१७ ला उत्तरेतल्या नूरलानपासून एफएम बंद करायला सुरुवात केली आणि डिसेंबरपर्यंत देशभरातली राष्ट्रीय चॅनल्स एफएमवरून काढून टाकली. असं करणारा जगातला पहिला देश. छोटी लोकल स्टेशनं एफएमवर राहिली, पण एनआरके (इथली आकाशवाणी म्हणा) वगैरे मोठे सगळे गेले डॅबवर, म्हणजे युरोपातल्या डिजिटल रेडिओवर. लोकांना हे आवडलं होतं का? अजिबात नाही, तेव्हाच्या एका पोलमधे तीनात दोन जण विरोधात होते. कारण घरातला रेडिओ एकवेळ बदलता येतो, पण तेव्हा देशात वीस लाखाच्या आसपास गाड्या अशा होत्या ज्यात डॅबच नव्हतं. त्यातली एक माझी.

आमच्या भागाचा, म्हणजे स्टावांगरकडचा, नंबर जूनमधे लागला. मी तेव्हा नवीन नवीन होतो, नॉर्वेजियन शिकत होतो आणि खरं सांगायचं तर क्लासपेक्षा जास्त भाषा मी ऑफिसला जाताना एनआरके पी१ वर हवामानाच्या बातम्या ऐकून शिकलो. पाऊस, जोराचा पाऊस, पावसाच्या सरी, हे शब्द आधी आले (इथे राहिलेल्यांना कळेल का ते). एक दिवस गाडी चालू केली तर नुसती खरखर. सरकारने पत्रकं, जाहिराती सगळं केलं होतं, मीच कानाडोळा केला होता.

मग जुन्या गाडीत डॅब ऐकवणारा डबा घेतला. अ‍ॅडाप्टर म्हणतात, पण आहे डबाच, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, डॅशबोर्डला चिकटवायचा आणि सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून पॉवर द्यायची. सोबत काचेला चिकटवायचा पातळ फिल्मचा अँटेना. पैसे दीड हजार क्रोनर आणि वर बसवायची मजुरी वेगळी. गॅरेजवाल्याने बसवून दिला, गाडी गॅरेजच्या दारात छान वाजली, पुढच्या वळणावर बंद. आठवडाभर असंच, मधूनच वाजतंय मधूनच ठप्प. शेवटी रविवारी मीच काचेच्या बाजूच्या खांबाचं प्लॅस्टिक कव्हर हळूच ओढून काढलं (हळूच, कारण बऱ्याच गाड्यांत तिथे एअरबॅग असते, उगाच हात घालू नका) तर अँटेनाला जी तांब्याच्या पत्र्याची छोटी जीभ असते, अर्थिंगची, ती गाडीच्या धातूला चिकटवायच्या ऐवजी प्लॅस्टिकवरच चिकटवलेली. ती काढली, आतला पत्रा स्पिरिटने पुसला, बोटाने दाबून नीट चिकटवली, वाजायला लागलं. तरी अधूनमधून अडखळायचं, तो दुसरा चोर महिन्याने सापडला, मोबाईल चार्ज करायचा स्वस्तातला यूएसबी चार्जर. तो सॉकेटला लावला की रेडिओ मेला, काढला की जिवंत.

आता यातली गंमत बघा. हा डबा डॅबचा सिग्नल पकडतो, पण गाडीच्या स्पीकरपर्यंत पोचवणार कसा? ऑक्सची, म्हणजे बाहेरचं यंत्र थेट गाडीच्या स्टिरिओला जोडायची, वायर असेल तर प्रश्न नाही, माझ्या गाडीत ऑक्स नव्हतं. मग तो डबा स्वतःच एक बारीकसं एफएम प्रक्षेपण करतो, एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर, आणि गाडीचा जुना रेडिओ ते पकडतो. युरोपात त्याला ५० नॅनोवॅटची मर्यादा आहे, म्हणजे शेजारच्या गाडीतही धड पोचू नये एवढीच ताकद. थोडक्यात काय तर देशाने एफएम बंद केलं आणि त्या बदल्यात आम्हा जुन्या गाडीवाल्यांच्या डॅशबोर्डवर एकेक खाजगी एफएम स्टेशन आलं. आणि गावातली बरीच एफएम चॅनल्स गेल्यामुळे रिकामी फ्रिक्वेन्सी शोधायला त्रासही नाही! हेच मुंबईत करायला गेलात तर मोकळी जागा शोधता शोधता सायनवरून ठाणे येईल.

वाजायला लागल्यावर मात्र तक्रार नाही. एफएमवर पाच राष्ट्रीय चॅनल्सची जागा होती, डॅबवर वीसच्या वर आली. आमच्याकडे रीफिल्के बोगदा आहे, १४ किलोमीटरचा, समुद्राच्या पातळीखाली २९२ मीटर खोल जातो. तिकडे जाताना वर अख्खा फियॉर्ड आणि खाली गाडीत बातम्या जशाच्या तशा चालू. काही अपघात झाला तर बोगद्यात तोच कार्यक्रम थांबवून सूचनाही देता येते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एक्सप्रेसवेवरचा भाताण बोगदा आठवला. बोगद्यात शिरलं की गाणं बुडायचं आणि बाहेर पडेपर्यंत कडवं संपलेलं.

पण तिथली एक गोष्ट इथे नाही. घाट चढताना मुंबईचं स्टेशन हळूहळू विरत जायचं, खरखरीत मिसळायचं, त्याच खरखरीतून पुण्याचं वर यायचं, एक मिनिट दोन्ही एकदम. डिजिटलला ते जमत नाही. सिग्नल आहे तोवर स्वच्छ, कमी झाला की चिखलात बुडबुडे आल्यासारखा आवाज आणि मग एकदम शांतता. एफएम म्हाताऱ्या माणसासारखं, बोबडं का होईना बोलत राहतं. काकांना जो आवाज हवाय तो हा असावा असा मला संशय आहे, पण ते तसं म्हणणार नाहीत.

आता आपल्याकडचं. काका, आधी तुमची भीती. ट्रायने जे सुचवलंय त्यात एफएम बंद करणं नाहीये, सायमलकास्ट आहे, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीवर एक नेहमीचं अ‍ॅनालॉग चॅनल आणि सोबत तीन डिजिटल. जुना रेडिओ जुनंच ऐकेल, नवा असेल त्याला जास्त मिळेल. नॉर्वेपेक्षा हे मला शहाणपणाचं वाटतं. स्वित्झर्लंडच्या सरकारी रेडिओने २०२४ च्या शेवटी एफएम बंद केलं तर श्रोते घटले आणि तिथे परत वाद पेटला, तेव्हा तारीख जाहीर करायची घाई नकोच. माझं म्हणणं एवढंच आहे की बटण बंद करणाऱ्याने आधी डब्याचे पैसे कोण देणार ते सांगावं. इथे सरकारने गाडीवाल्यांना सांगितलं, तुमचं तुम्ही बघा. इथल्या पगारात दीड हजार क्रोनर टोचतात पण निघतात. आपल्याकडे रिक्षावाला, टेम्पोवाला, रात्रीचा ट्रक हाकणारा, खरे रेडिओ ऐकणारे हे आहेत, त्यांनी कुठून आणायचा डबा? २०१२-१३ ला सेट टॉप बॉक्सच्या वेळी काय झालं आठवा, डेडलाईन आली, बॉक्स आले नाहीत, आणि आमच्या आजीचा टीव्ही महिनाभर मुंग्या दाखवत बसला.

आणि डिजिटल आपल्याकडे नवीन आहे असंही नाही. आकाशवाणीने डीआरएम नावाच्या तंत्राचे मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर बरीच वर्षं आधीच लावलेत, पस्तीसच्या आसपास. ऐकतं कोण? कारण ते पकडणारा स्वस्त रेडिओच बाजारात आला नाही. आधी ट्रान्समीटर, मग कधीतरी रेडिओ, हे म्हणजे विहीर खणून पोहरा विसरण्यासारखं. खाजगी एफएमसाठी डीआरएम की एचडी रेडिओ हे दुसरं डिजिटल तंत्र यावर अजून काथ्याकूट चालू आहे. ट्राय म्हणते देशभर एकच तंत्र ठेवा, हे मला शंभर टक्के पटतं. युरोपात डिसेंबर २०२० पासून नव्या गाडीत रेडिओ द्यायचा तर त्यात डिजिटल असायलाच हवं असा नियम आहे, त्यामुळे माझ्यासारखे डबेवाले आता दरवर्षी कमी होतायत.

मेव्हण्याच्या मोबाईलचं म्हणशील तर मी पण मोबाईलवर ऐकतो रे. आकाशवाणीचं अ‍ॅप आहे, ब्लूटूथने त्याच डब्यातून सांगली लावतो कधीकधी, बाहेर बर्फ आणि आत ऊसाच्या लागवडीची माहिती. पण इथलं सरकार, जिथे मोबाईलला डोंगरावरपण रेंज असते, ते घरोघरी पुस्तिका वाटून सांगतं की आणीबाणीसाठी बॅटरीवर चालणारा डॅब रेडिओ घरात ठेवा. कारण टॉवरची वीज गेली की अ‍ॅप गेलं. सांगलीत २०१९ ला पाणी भरलं तेव्हा फोन चार्ज करायला लोक कुठे कुठे फिरत होते ते तुम्हीच मला सांगितलं होतं.

खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. तीन डिजिटल चॅनल्स वाढली तर त्यावर वाजवणार काय? खाजगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावायच्या. मग तीन ठिकाणी तीच चाळीस गाणी आणि तीच हसणारी मुलगी. आणि आकाशवाणीचं म्हणाल तर जून २०२३ मधे पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभागच बंद करून संभाजीनगरला न्यायला निघाले होते, ओरड झाली म्हणून आदेश थांबवला. काकांनी तेव्हा ग्रुपवर एकट्याने वीस मेसेज टाकले होते, मेव्हण्याने ग्रुप म्यूट केला होता. चॅनल वाढवायचं आणि बातम्या देणारी माणसं कमी करायची, हे गणित मला इथून तरी सुटत नाही.

असो. हे सगळं लिहून झाल्यावर मी मेव्हण्याला विचारलं की तुझी गाडी तर नवीन आहे, तुझ्या स्क्रीनवर रेडिओमधे एफएम, एएमच्या शेजारी डीआरएम दिसतंय का बघ, आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत कंपनीनेच दिलेलं असतं. तो म्हणाला असलं काही नाहीये. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. "दाजी, आहे खरं. तीन वर्षं गाडी चालवतोय, कधी दाबलंच नाही. पण सारखं सर्चिंगच दाखवतंय."

काकांनी खाली लगेच अंगठा टाकला.