अफगाण चर्चमध्ये अफगाण कुठे आहेत?

कुलाब्याच्या अफगाण चर्चवरचा एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय की हे चर्च मुंबईतल्या काबुली व्यापाऱ्यांनी बांधलं, इंग्रजांनी अफगाणिस्तान जिंकल्याची ती खूण आहे, त्याचा दगडन् दगड विलायतेहून आला आणि त्यावरूनच ‘चर्चगेट’ हे नाव पडलं. चार दावे, चारही चुकीचे.

काबुली व्यापाऱ्यांपासून सुरुवात करू. या चर्चचं खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. ‘अफगाण’ हे लोकांनी पाडलेलं नाव, कारण पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याचं हे स्मारक आहे. 1847 साली गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी कोनशिला बसवली. मनोऱ्याला पैसे कमी पडले तेव्हा मदतीला आले ते काबुली नव्हे, आपले पारशी: कावसजी जहांगीर रेडिमनींनी 7,500 रुपये दिले.

आता तो ‘विजय’. जानेवारी 1842 मध्ये काबूलहून माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेत साडेचार हजारांच्या आसपास सैनिक होते आणि बुणगे, म्हणजे सोबतचे नोकरचाकर, त्याच्या अडीचपट. बर्फात आणि खिंडींत सगळ्यांची दाणादाण उडाली. 13 जानेवारीला फौजेतले डॉ. ब्रायडन घायाळ अवस्थेत जलालाबादच्या इंग्रज ठाण्यावर पोचले, तेव्हा त्यांच्यासोबत कोणी नव्हतं. पुढे सूड म्हणून इंग्रजांनी काबूलचा बाजार जाळला, हे खरं. पण काबूलच्या ज्या अमीर दोस्त मोहम्मदला हटवायला गेले, तोच पुन्हा गादीवर बसला. याला विजय म्हणायचं तर पानिपतलाही म्हणावं लागेल!

चर्चमधला स्मृतिलेख फॉरवर्ड करणाऱ्याने वाचलेला दिसत नाही. अधिकाऱ्यांची नावं वेदीकडच्या भिंतींवर कोरली आहेत. साधे शिपाई मात्र ‘नोंदवता येणार नाहीत इतके’ म्हणून बिननावाचेच राहिले. ते कशाने मेले हे सांगताना लेखात आजार आधी येतो, तलवार नंतर.

दगडाचं म्हणाल तर भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड आहे आणि घडीव कामाला पोरबंदरचा. विलायतेहून आला तो आतला साज: इंग्रज वास्तुविशारद विल्यम बटरफिल्डच्या आराखड्याच्या फरशा, विल्यम वेल्सच्या रंगीत काचा. आधी इमारतीचा नकाशाही तिकडूनच आला होता, पण खर्च झेपेना म्हणून तो बाजूला ठेवला. मग काम आलं शहराचे इंजिनिअर हेन्री कॉनिबेअर यांच्याकडे. मुंबईला विहार तलावाचं पाणी देणारी योजना आखणारे ते हेच. उंच निमुळत्या कमानींची ही गॉथिक वास्तू मुंबईच्या पुढच्या गॉथिक इमारतींच्या आधीची. जागा देताना सरकारने अट घातली होती की मनोरा समुद्रातल्या जहाजांना दिशा दाखवण्याइतका उंच हवा. चर्च 1858 मध्ये प्रार्थनेसाठी खुलं झालं. 198 फुटी मनोरा पुरा व्हायला मात्र 1865 उजाडलं.

राहिलं चर्चगेट. ते नाव फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चचं, 1718 साली उघडलेल्या. त्याच्याकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणजे चर्चगेट. तटबंदी 1860 च्या दशकात पाडली, दरवाजा गेला, नाव उरलं. चर्चगेटला उतरून अफगाण चर्च शोधायला निघालात, तर नेव्हीनगरची बस धरावी लागेल.