प्रोपेलरच्या वॉशर-पिनबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमच्या बोटीच्या मोटरच्या दुरुस्तीबद्दलचा अभिप्राय वाचला. 'नुसता प्रोपेलर बसवायचा, एक नट आवळायचं काम. त्यासाठी मोटर ठेवून घेतली, सुट्टीतली मासेमारी बुडाली आणि वर वॉशर-पिनचे पैसे लावले,' असं तुम्ही लिहिलं आहे. सुट्टी वाया गेल्याचं वाईट वाटणारच. तरीही मोटर तशीच तुमच्या हातात देणं आम्हाला पटलं नसतं.

तुम्ही प्रोपेलर काढून वेगळा आणला होता आणि शाफ्टवर, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्यावर, थ्रस्ट वॉशर नव्हता. असं बऱ्याचदा होतं. प्रोपेलर ओढताना ग्रीसमुळे हा वॉशर हबला, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या भागाला, चिकटून येतो आणि नकळत पाण्यात पडतो. बोट पुढे जाताना प्रोपेलरचा सगळा रेटा याच वॉशरमधून शाफ्टवर जातो. तो नसला की हब पुढे सरकून गिअर केसला, म्हणजे गिअरच्या कवचाला, घासायला लागतो, आणि नट जितका आवळाल तितकं घासणं वाढतं. 'कुठलाही वॉशर टाका' असं तुम्ही म्हणाला होतात. पण तुमच्या मोटरच्या वॉशरचं भोक आतून निमुळतं आहे, शाफ्टच्या उतारावर नीट बसावं म्हणून. साधा चपटा वॉशर तिथे नुसता कडेवर टेकतो. जाडीसुद्धा त्याच मॉडेलची लागते. तो मागवावा लागला, वेळ गेला तो त्यात.

आता पिन. नट घट्ट असताना पिन कशाला, आणि जुनी काय वाईट होती, हे तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मोटरच्या थरथरीने घट्ट नटही हळूहळू सैल होऊ शकतो. पुढे जाताना ते कळत नाही, कारण रेटा वॉशरवर असतो. धक्क्याला लागताना रिव्हर्स टाकला की प्रोपेलर मागे ओढला जातो आणि तो ताण थेट नटवर येतो. नट सुटलेला असेल तर प्रोपेलर तळाला जातो, तोही नेमका बोट थांबवायची असताना. ते अडवते ती नटच्या खाचेतून आणि शाफ्टच्या भोकातून घातलेली, पाय वाकवून अडकवायची स्प्लिट पिन. तुमच्या जुन्या पिनचे पाय वाकवून पुन्हा सरळ केलेले होते. वाकलेल्या जागी धातू कमकुवत होतो, म्हणून आम्ही दरवेळी नवीनच घालतो, तीही स्टेनलेसची. नट ठरलेल्या ताणाने आवळल्यावर खाच भोकासमोर येत नव्हती, तेव्हा आणखी थोडा आवळून जुळवली. उलटा फिरवून जुळवणं सोपं असतं, पण आम्ही ते करत नाही.

वॉशरच्या जागेमागे शाफ्टला तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी, गुंडाळलेली होती. ती गिअर ऑइल आत आणि पाणी बाहेर ठेवणारं सील कापते, म्हणून काढली आणि गिअर ऑइल पाहिलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. या कामाचे पैसे बिलात नाहीत.

मोटरसोबतच्या पिशवीत एक जादा नवी पिन ठेवली आहे. पहिल्या फेरीनंतर पिनचे पाय जागेवर आहेत का ते बघा. पुढच्या वेळी प्रोपेलर काढाल तेव्हा आधी स्पार्क प्लगची वायर काढा, आणि हे काम बोट किनाऱ्यावर घेऊन, खाली फडकं अंथरून करा. वॉशर पडला तर सापडेल.