काहीच घडत नाही म्हणे!

आमच्या वाचनगटात आज एका गृहस्थांनी ‘अ होलोग्राम फॉर द किंग’चा निकाल लावला. "तीनशे पानं एक माणूस तंबूत बसून राहतो. घडत काहीच नाही. लूझरची गोष्ट." वर हसरा इमोजी. खाली धडाधड अंगठे. तिथे भांडण नको म्हणून गप्प बसलो, पण संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

डेव्ह एगर्सची ही 2012 सालची कादंबरी. ॲलन क्ले, वय 54, बॉस्टनकडचा. घटस्फोट झालेला, कर्जात रुतलेला, मुलीच्या कॉलेजची फी भरायला खिशात दमडी नाही. सौदी अरेबियात जेद्दाच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या वाळवंटात किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी उभी राहतेय. तिथे खुद्द राजाला होलोग्रामची (समोर नसलेला माणूस हवेत उभा दिसतो ती) करामत दाखवायची आणि कंत्राट मिळवायचं. राजा कधी येणार? कुणालाच ठाऊक नाही. बसायला तंबू दिलाय, एसी धड नाही, वायफाय नाही. रोज उत्तर एकच, उद्या.

आता माझे मामा. शिरोली एमआयडीसीत त्यांची छोटी फाउंड्री होती, पंपाची आणि व्हॉल्व्हची कास्टिंग करायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑर्डरी आटल्या तेव्हा कुणीतरी डोक्यात भरवलं, सौदीतल्याच दम्मामला जा, तिथे व्हॉल्व्हला मरण नाही. मामा गेले. हँडबॅगेत कॅटलॉग आणि एक अख्खा बिडाचा व्हॉल्व्ह, कारण फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. तिथल्या एका कंपनीच्या रिसेप्शनवर रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जाऊन बसायचे. कॉफी यायची, खजूर यायचा, साहेब यायचे नाहीत. फोनवर मामी विचारायची, "झालं का वो काम?" मामा म्हणायचे, "चाललंय की."

त्या "चाललंय की"मध्ये काय काय घडत होतं हे ज्याला कळत नाही, त्याने कादंबऱ्या वाचूच नयेत. स्टेशनवर मिळतात ती ‘श्रीमंत कसे व्हाल’ छाप पुस्तकं वाचावीत.

लूझर म्हणे! आपल्याकडे उद्योजक म्हटला की शून्यातून विश्वच उभं करायला हवं. मग शाल, श्रीफळ, व्यासपीठावरचं भाषण, भाषणात आईचे कष्ट. ज्याचं विश्व शून्यात गेलं त्याच्याबद्दल आपण लग्नाच्या पंगतीत हळू आवाजात बोलतो. तुम्हा सगळ्यांच्या घरात असा एक काका नाहीतर मामा आहेच, मला नावं सांगायला लावू नका.

आणि एगर्स ॲलनला बिचारा करून सोडत नाही, हे त्या गृहस्थांच्या लक्षातच आलं नाही. ॲलन पूर्वी श्विनमध्ये होता, शिकागोची ती नावाजलेली सायकल कंपनी. युनियनची कटकट नको, मजुरी स्वस्त हवी, म्हणून उत्पादन आधी मिसिसिपीत आणि मग तैवान-चीनकडे गेलं, आणि ते हलवणाऱ्यांत हा स्वतः होता. 1992 मध्ये श्विनने दिवाळं काढलं. बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच. त्याचा बाप बुटांच्या कारखान्यातला जुना युनियनवाला. तो फोनवर झापतो, सॅन फ्रान्सिस्कोचा पूलसुद्धा आता चीनमध्ये बनतोय म्हणून. पोराला उत्तर देता येत नाही.

मामांना तरी कुठे देता आलं असतं? दम्मामहून रिकाम्या हाताने आले. नमुन्याचा व्हॉल्व्ह कुठाय विचारलं, तर म्हणाले, "रिसेप्शनवरच्या पोराला दिला, दार वाऱ्यानं आपटायचं त्याचं." आम्ही पोटभर हसलो, तेही हसले. पुढे काही वर्षांनी भट्टी बंद केली आणि त्याच शेडमध्ये चिनी व्हॉल्व्हची खोकी रचली. खोकी उतरवायला त्यांचेच जुने मोल्डर, भट्टीवर साचे करणारे. धंदा बरा चालला, उगाच खोटं कशाला बोलू. पण भट्टीच्या बाजूला ते परत कधी फिरकले नाहीत.

हां, कादंबरीतल्या बायका ॲलनला सावरण्यापुरत्याच येतात, हे मान्य. त्या अर्धवट इमारतींत राहणारे मजूरही झरकन येतात आणि जातात. त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं तर ॲलनचं दुःख एसीतलं वाटेल. बरं, वाटू दे.

मला मात्र तो मानेवरची गाठ चाकूने टोचून बघतो तिथे पुस्तक मिटून ठेवावं लागलं. आयुष्यात जे काही बिघडलं ते सगळं त्या गाठीमुळे असावं, अशी त्याची जवळजवळ इच्छाच असते. डॉक्टर सांगते, साधी चरबीची गाठ आहे. मामाही दम्मामहून आल्यावर बरीच वर्षं शुगर तपासत राहिले. शुगर नॉर्मल यायची आणि त्यांचा चेहरा उतरायचा. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, एवढंच.

(पुढे शेवट सांगतोय, नको असेल तर इथेच थांबा.) राजा अखेर येतो, बघतो, जातो. कंत्राट चिनी कंपनीला मिळतं. आणि ॲलन घरी जायचं सोडून तिथेच राहतो, काहीतरी काम असेलच म्हणून. यात ज्याला काही घडलेलं दिसत नाही त्याच्याशी मी काय बोलू?

2016 चा सिनेमा बघून मत बनवू नका. टॉम हँक्स छान आहे, पण शेवट गोडमिट्ट करून टाकलाय. पुस्तकच वाचा, वाक्यं छोटी आहेत, इंग्रजी अडत नाही. माझी प्रत कुणाला हवी असेल तर इनबॉक्स करा. महिन्याभरात परत मात्र आणून द्यायची, मागच्या वेळसारखं नको.