डोमेन अडवायचंय? मग किंमत बोलू नका

धंदा करायचाय पण दुकान नको, माल नको, उधारीवाले नकोत, तर सरळ डोमेन घ्या. म्हणजे उद्या दुसऱ्याला लागणारं वेबसाइटचं नाव आज आपण नोंदवून ठेवायचं, वर्षाचे हजारेक रुपये भरायचे आणि खिडकीतून रुमाल टाकून एसटीची सीट धरतात तसं निवांत बसायचं.

नियमांना घाबरू नका, ते १९९९ पासून आहेत. आयकॅन म्हणजे जगभरच्या डोमेनांचा कारभार बघणारी संस्था, आणि यूडीआरपी म्हणजे डोमेनच्या भांडणांसाठीची तिची नियमावली. ती म्हणते, तक्रार करणाऱ्या कंपनीनं तीन गोष्टी सिद्ध कराव्यात: नाव त्यांच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूनं नोंदवलं 'आणि' वापरलं. हा दुसरा 'आणि' देवघरात ठेवून रोज हळदकुंकू वाहा. नाव नुसतं घेऊन ठेवलं, वापरलंच नाही, तर वापर झाला कुठे? (२००० साली टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या केसमध्ये वायपोच्या, म्हणजे अशा तक्रारी चालवणाऱ्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, पॅनेलनं काहीच न करणं हाही वापर धरला, पण म्हणून काय मुद्दा मांडायचाच नाही?) आपल्या डॉट इनच्या नियमात मात्र तिथे 'किंवा' आहे, तेव्हा देशप्रेम जरा बाजूला ठेवा आणि डॉट कॉमच घ्या.

आता खरी मेख. खर्चापेक्षा जास्त पैशाला ट्रेडमार्कवाल्याला विकायलाच नाव घेतलं असं दिसलं की तुम्ही गेलात. माझ्या मावसभावानं पहिल्याच मेलमध्ये 'ओन्ली फाइव्ह लाख सर, निगोशिएबल' असं लिहून खाली स्मायली टाकली, म्हणजे समोरच्या वकिलाला पुरावा घरपोच. तुम्ही असं लिहा: 'सध्या विकायचा विचार नाही, या नावाशी भावना जोडल्यात. तरी आपलं काय म्हणणं आहे?' मग आकडा त्यांनाच बोलू द्या, मुलाकडचे 'आमची काही अपेक्षा नाही' म्हणून जसे गप्प बसतात तसे बसा.

शिवाय त्या नावानं तुम्ही आधीपासून ओळखले जात असाल तर नियम तुमच्या बाजूनं, त्यामुळे आजपासून मित्रांना त्याच नावानं हाक मारायला लावा, आईला जमणार नाही पण प्रयत्न करा. आणि पंचवीस नावं स्वतःच्याच नावावर घेऊ नका, 'याला सवयच आहे' हाही पुरावा धरतात, बायको, सासू, मेव्हणा कशाला आहेत?

पूर्वी तर मजा होती. नोंदवल्यापासून पाच दिवसांत नाव परत दिलं की पैसे परत, म्हणजे साडी नेसून लग्न उरकून ती दुकानात परत नेऊन द्यायची. लोक लाखांनी नावं घ्यायचे, जाहिरातींवर क्लिक किती येतात बघायचे आणि परत करायचे. २००९ मध्ये आयकॅननं त्याला लगाम घातला, आता रजिस्ट्रारला, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीला, महिन्याच्या नव्या नोंदणीच्या १० टक्के किंवा ५० नावं, यातला मोठा आकडा असेल तेवढ्याच परतीचा परतावा मिळतो. ते ५० बहुतेक गरिबांसाठी ठेवले असावेत.

आणि हरलात तर? दंड नाही. यूडीआरपीत फार तर नाव रद्द होतं नाहीतर कंपनीकडे जातं. (अमेरिकेच्या कोर्टात खेचलं तर एका नावाला १ लाख डॉलरपर्यंत भरपाई बसू शकते, तिथल्या वाटेला जाऊ नका.) वायपोकडे तक्रार करायची फी किमान १५०० डॉलर, तीही तक्रारदारानं भरायची. म्हणजे तुमचा हजाराचा रुमाल सीटवरून उचलायला त्यांना लाखावर खर्च. एसटीत निदान कंडक्टर तरी ओरडतो, इथे निकाल यायला महिने जातात, तोवर तुम्ही मागच्या गाडीत दोन रुमाल टाकून ठेवा.