‘सकाळी उतरेल’ म्हणून थांबू नका

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘गोळ्यांच्या किंवा इंजेक्शनच्या नशेत कुणी गाढ झोपलं तर दवाखान्यात नेऊ नका. डॉक्टर सरळ “आत्महत्येचा प्रयत्न” लिहितात, पोलीस मागे लागतात. मीठपाणी पाजून उलटी काढा, झोपू द्या, सकाळी उतरतं. नेलंच तर इंजेक्शन देऊन जाग आली की लगेच घरी आणा.’ मी मिरजेत कॅज्युअल्टीत काम करते. हा सल्ला जीवघेणा आहे, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

‘झोपू द्या.’ मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल, हेरॉइन ही अफूच्या जातीची औषधं मेंदूतलं श्वासाचं केंद्रच मंद करतात. घरचे घोरणं ऐकून म्हणतात, छान झोप लागलीय. प्रत्यक्षात जीभ मागे पडून श्वास अडत असतो. छाती-पोटाकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठ्या माणसाचे श्वास १२ च्या खाली गेले, ओठ-नखं निळसर दिसली, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही डोळे उघडले नाहीत, यातलं एक जरी दिसलं तर १०८ लावा आणि माणसाला कुशीवर वळवा. श्वास थांबलाच असेल तर कृत्रिम श्वास द्यायला लागा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर संशय बळावतो. पण ट्रॅमाडॉलमध्ये किंवा सोबत दुसरं काही पोटात असेल तर त्या तशा दिसत नाहीतही. जतहून थेट मिरज गाठायचा हट्ट नको. जवळच्या सरकारी रुग्णालयात मास्क-पिशवीने श्वास देता येतो, आणि सगळ्यांत आधी तोच लागतो.

‘मीठपाणी पाजा.’ अजिबात नको. अर्धवट शुद्धीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते.

‘जाग आली की घरी.’ ते इंजेक्शन म्हणजे नॅलोक्सोन, अफूच्या जातीच्या औषधांवरचा उतारा. शिरेतून दिलं की मिनिटा-दोन मिनिटांत श्वास सुधारतो, पण त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. पोटातलं औषध त्याहून जास्त वेळ राहतं, म्हणून तासाभरात माणूस पुन्हा गुंगीत बुडू शकतो. शिवाय ट्रॅमाडॉलच्या बऱ्याच स्ट्रिपांमध्ये पॅरासिटामॉलही असतं. त्याने यकृताला होणारी इजा दोन दिवसांनी दिसते, आणि तोवर चेहऱ्यावर काहीच कळत नाही. त्याचा उतारा वेगळा आहे आणि वेळेत द्यावा लागतो. एमडीवर, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक नशेवर, तर नॅलोक्सोन चालतच नाही.

‘डॉक्टर आत्महत्या लिहितात.’ हा आरोप मला सगळ्यांत जास्त लागतो. गुडघेदुखीच्या आजोबांनी विसरून दुसऱ्यांदा गोळ्या घेतल्या, की कंटाळून घेतल्या? ते बेशुद्ध, सुनेला माहीत नाही, मुलगा पुण्यात. अशा वेळी कुणी सांगतं ‘अपघात लिहा, विम्याचं बघायचंय’, कुणी दबक्या आवाजात दुसरंच सांगतं. आम्ही दोन्ही मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजार-इजांच्या कोडच्या यादीत, मॉर्फिन-कोडीनच्या विषबाधेला टी ४०.२ कोड आहे. अशा मादक औषधांच्या विषबाधेत हेतूचा कोड वेगळा जोडतात: अपघात असेल तर एक्स ४२, स्वतःहून घेतलं असेल तर एक्स ६२, आणि उपलब्ध माहितीवरून ठरवताच येत नसेल तर वाय १२. ‘हेतू अनिश्चित’ ही अधिकृत नोंद आहे. मात्र डॉक्टरांनी ‘ठरवता येत नाही’ असं केसपेपरवर स्पष्ट लिहायला हवं. कोड टाकणाऱ्याने अंदाज बांधायचा नसतो. अमेरिकी नियमांत तर हेतूबद्दल काहीच लिहिलं नसेल तर अपघात धरतात. अंदाजाने ‘अपघात’ लिहिला तर शुद्धीवर आल्यावर ज्याच्याशी शांतपणे बोलायला हवं होतं, तो माणूस न बोलताच घरी जातो. असं होऊ देणं मला मान्य नाही.

‘पोलीस मागे लागतात.’ एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद होते, हे खरं. पण आधी उपचार, मग सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असल्याचं गृहीत धरतं. अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत तसं उरलेलंच नाही. मनात तसले विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

येताना रिकाम्या स्ट्रिप, बाटली, अंगावर चिकटवलेला औषधाचा पॅच, चिठ्ठी असेल तर तीही आणा. लाजेने काही फेकू नका. शेवटचं नीट बोलताना कुणी, किती वाजता पाहिलं, तेवढं सांगा.