नाच रे मोरा पुलंनी लिहिलेलं नाही हो

सांगलीतल्या दोन-तीन ग्रुपवर फिरणारा मेसेज आता आमच्या मावशीनेपण टाकला, की "नाच रे मोरा हे पुलंचं गाणं, गदिमांचं सांग सांग भोलानाथ, आणि गदिमा तर पुण्याचेच". तिन्हीत गडबड आहे.

नाच रे मोरा १९५३ च्या देवबाप्पा सिनेमातलं, चाल पुलंची हे खरं, पण शब्द गदिमांचे आणि आवाज आशाबाईंचा, ज्या जन्मल्या आपल्या सांगलीत, म्हणजे फॉरवर्डवाल्यांनी खरी मिरवायची गोष्ट तेवढी सोडली! सांग सांग भोलानाथ मंगेश पाडगावकरांचं, संगीत मीना खडीकरांचं. गदिमांचं हवं असेल तर झुकझुक अगीनगाडी घ्या ना, एका तळ्यात होती घ्या, अख्खा महाराष्ट्र मामाच्या गावाला तिकडूनच गेलाय.

आणि पुण्याचं म्हणाल तर, १९५५-५६ ला गीतरामायण पुण्याच्या आकाशवाणीवर झालं, घर तिथं होतं, शेवटही १९७७ ला तिथंच, म्हणून लोकांचा तसा समज होतो. पण जन्म १९१९ चा, शेटफळ्याचा, आटपाडी तालुका, तेव्हा ते औंध संस्थानात होतं आता सांगली जिल्ह्यात. आडनावातलं माडगूळ पण तिथलंच. माणूस माणदेशी! बनगरवाडीवाले व्यंकटेश माडगूळकर त्यांचे धाकटे भाऊ, हे तरी शाळेत शिकवलंय की सगळ्यांना.

मावशीला सांगितलं, ती म्हणे डिलीट कसं करतात तेवढं दाखव.